मातृभाषेचा रकाना आणि घरातली बोली : वर्गाची भाषापाहणी कशी करावी

शाळेच्या जनरल रजिस्टरात ‘मातृभाषा’ असा एक रकाना असतो. मुंबईतल्या मराठी शाळेचं रजिस्टर उघडलं की त्यात तेच ते तीन-चार शब्द दिसतात: मराठी, हिंदी, उर्दू, क्वचित तेलुगू. प्रवेशाच्या दिवशी रांग लागलेली असते, बापाला कामावर जायची घाई असते, लिहिणारा विचारतो, “हिंदीच ना?” आणि बाप मान हलवतो. पुढे तोच शब्द दाखल्यावर जातो, ऑनलाइन नोंदीत जातो आणि बाईंच्या डोक्यातही बसतो. स्थलांतरित मुलांच्या शिक्षणावरची बरीच पाहणी या रकान्यापासून सुरू होते आणि तिथेच फसते.

एका वर्गाच्या, साधारण 40 मुलांच्या भाषापाहणीची एक फेरी दोन माणसांनी सहा-आठ आठवड्यांत कशी करावी, ते पुढे दिलं आहे. वर्गशिक्षकाचं कृतिसंशोधन असो, बी.एड.-एम.एड.चा प्रबंध असो की संस्थेचं काम, पद्धत तीच. तिसरी किंवा चौथीचा वर्ग घ्या. पहिलीत सगळीच मुलं नवी असतात, आणि सातवीपर्यंत ज्यांना भाषेचा जाच झाला ती बरीचशी पटावरून गेलेली असतात.

आधी प्रश्न लहान करा

‘स्थलांतरितांच्या मुलांच्या शैक्षणिक समस्या’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. चालणारा प्रश्न असा: या वर्गातल्या, घरी मराठी न बोलणाऱ्या मुलांना गणिताची शाब्दिक उदाहरणं जमत नाहीत ती गणित येत नाही म्हणून, की वाक्य कळत नाही म्हणून? याला उत्तर मिळू शकतं, आणि ते मिळालं तर सोमवारपासून वर्गात काहीतरी बदलता येतं.

हा फरक का महत्त्वाचा, हे कॅनडातल्या जिम कमिन्स यांच्या कामामुळे जगभर पोहोचलं. 1979 मध्ये त्यांनी भाषेचे दोन थर वेगळे केले. एक रोजच्या बोलण्याचा; समोर माणूस असतो, हातवारे असतात, संदर्भ डोळ्यांपुढे असतो. दुसरा पुस्तकाचा आणि परीक्षेचा. तिथे सगळा भार शब्दांवर. टोरांटोतल्या स्थलांतरित मुलांच्या आकडेवारीवरून त्यांनी 1981 मध्ये दाखवलं की बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत हाताशी येते, पण पुस्तकी भाषेत वर्गातल्या बाकीच्यांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. 2000 साली अमेरिकेत केंजी हाकुटा आणि सहकाऱ्यांनी काढलेले आकडेही याच्या आसपासच आहेत: बोलण्यासाठी तीन ते पाच, शाळेच्या भाषेसाठी चार ते सात वर्षं. इथल्या मुलांच्या बहुतेक घरभाषांना मराठी इंग्रजीपेक्षा जवळची, तेव्हा वर्षांचा आकडा इथे जसाच्या तसा लावू नका. दोन थरांतलं अंतर मात्र इथेही दिसतं. गोवंडीतल्या किंवा मालाडच्या मालवणीतल्या एखाद्या मुलीने मधल्या सुट्टीत झकास मराठीत भांडण केलं म्हणून तिला ‘बाष्पीभवन’चा धडा कळतो असं होत नाही. “बोलतो तर छान, मग लिहीत का नाही? आळशी आहे” हा शिक्षक खोलीतला शेरा इथूनच निघतो.

परवानगी आणि भीती

महापालिकेच्या शाळेत काम करायचं तर शिक्षण विभागाची लेखी परवानगी लागते. तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज सगळ्यात आधी टाका. खासगी किंवा अनुदानित शाळेत मुख्याध्यापक आणि शाळेचं व्यवस्थापन यांची. त्यानंतर पालकांची संमती. संमतीपत्र पालकाला वाचता येईल अशा लिपीत हवं आणि ते मोठ्याने वाचूनही दाखवायला हवं. मराठीत छापलेल्या कागदावर अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. मुलालाही विचारा, आणि ते नको म्हणालं तर सोडून द्या.

फॉर्मवर आधार क्रमांक, रेशनकार्ड, मूळ गावचा पत्ता, मुंबईत आल्याचं वर्ष यातलं काहीही नको. वस्तीत कागद घेऊन आलेला अनोळखी माणूस म्हणजे कागदपत्रांची तपासणी किंवा झोपडी तोडण्याआधीची मोजणी, असाच अर्थ लावला जातो. बंगाली बोलणारी कुटुंबं तर भाषेचा प्रश्न विचारताच गप्प होतात, आणि त्यांच्याकडे तसं कारण असतं. म्हणून पहिल्या भेटीत बाई बरोबर असाव्यात आणि पहिलं वाक्य मुलाबद्दलचं असावं. शाळेत किती वर्षं झाली हे हजेरीपटावरून मिळतं, घरी विचारायची गरज नाही.

घरभाषा कशी विचारावी

“तुझी मातृभाषा कोणती?” हा प्रश्न विचारूच नका. मूल शाळेला आवडेल असं उत्तर देतं, आणि मोठी माणसं प्रतिष्ठेचं. भोजपुरी, अवधी, अहिराणी किंवा गोरमाटी (बंजारा समाजाची भाषा) बोलणाऱ्या पुष्कळांना आपण बोलतो ती ‘भाषा’ आहे असं कोणी सांगितलेलंच नसतं; ‘गावाकडचं बोलणं’ म्हणून ते बाजूला ठेवतात. सरकारी मोजणीतही तेच होतं. 2011 च्या जनगणनेत हिंदी भाषक म्हणून सुमारे 52.8 कोटी लोक मोजले गेले. त्यांतल्या पाच कोटींहून अधिक लोकांनी मातृभाषा भोजपुरी सांगितली होती, ती हिंदीखाली गेली. लमाणी-लंबाडी, म्हणजे गोरमाटी, हीसुद्धा हिंदीखालीच. मैथिली मात्र वेगळी मोजली जाते, कारण तिला संविधानाच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली आहे.

त्याऐवजी माणसं आणि प्रसंग धरून विचारा:

– आईशी काय बोलतोस? आई तुझ्याशी काय बोलते? (हे दोन वेगळे प्रश्न आहेत.)
– धाकट्या भावंडांशी?
– गावाला आजीशी फोनवर?
– गल्लीत खेळताना?
– आई रागावते तेव्हा कुठल्या भाषेत?
– ‘मला भूक लागली’ हे घरी कसं सांगतोस? म्हणून दाखव.

खरी माहिती शेवटच्या प्रश्नात मिळते. ‘हिंदी’ असं उत्तर दिलेला एक मुलगा म्हणतो “हमरा भूख लागल बा”, दुसरा म्हणतो “हमरा भूख लागल अछि”, तिसरी म्हणते “मेरेकू भूक लगी”. पहिला भोजपुरी, दुसरा मैथिली. तिसरीच्या वाक्यावरून ती घरी दखनी (दख्खनमधली उर्दू) बोलते की मुंबईची रस्त्यावरची हिंदी, हे कळणार नाही. तिथे आजीचा प्रश्न उपयोगी पडतो. ‘मराठी’ सांगणारा एखादा “माले भूक लागनी” म्हणाला तर घरी अहिराणी आहे, आणि पुस्तकातली मराठी त्यालाही शिकावीच लागते. अशा मुलांना पाहणीतून वगळू नका. मराठी शाळेत सर्वांत दुर्लक्षित कोण असेल तर हीच मुलं, कारण रकान्यात त्यांचं सगळं ठीक दिसतं.

प्रत्येक मुलासाठी एकच शब्द लिहायचा मोह टाळा. आई, भावंडं, आजी, गल्ली आणि शाळा असे पाच रकाने आखा आणि प्रत्येकात त्या-त्या ठिकाणची भाषा लिहा. आईबरोबर तेलुगू, भावाबरोबर हिंदी, शाळेत मराठी असा तिहेरी कारभार धारावी-वडाळ्याकडे अगदी रोजचा आहे. त्यात गोंधळलेलं असं काही नाही. मूल कुठे काय बोलायचं हे अचूक जाणतं. अडचण येते ती आपल्याला एकच खूण करायची असते म्हणून.

दुभाष्या मोठा भाऊ किंवा बहीण नको. ती मुलाच्या वतीने स्वतःच बोलतात. वस्तीतला पुढारीही नको, त्याच्यासमोर कोणी खरं बोलत नाही. अंगणवाडीची ताई, बालवाडीची सेविका किंवा त्याच वस्तीतली कॉलेजला जाणारी माजी विद्यार्थिनी चांगली. तिला कामाचे पैसे द्या.

चित्रकथा: दोन भाषांत एकच गोष्ट

मुलाला कुठल्या भाषेत किती सांगता येतं, यासाठी चित्रकथेसारखं दुसरं साधन नाही. एका प्रसंगाची सहा चित्रं काढून घ्या, एकही अक्षर नको. प्रसंग मुलांच्या ओळखीचा असावा: नळावरची रांग, हंडा सांडणं, पावसात तुंबलेली गल्ली. हुरडा पार्टी किंवा बर्फाची चित्रं देऊ नका. मूल आधी सगळी चित्रं बघेल, मग गोष्ट सांगेल. एकदा घरभाषेत दुभाष्या ताईला, एकदा मराठीत तुम्हाला. मध्ये आठवडाभराचं अंतर ठेवा. निम्म्या मुलांना आधी मराठीत सांगू द्या, निम्म्यांना आधी घरभाषेत. नाहीतर दुसऱ्यांदा गोष्ट चांगली झाली ती भाषेमुळे की सरावामुळे, हे सांगता येणार नाही.

वेळेचा हिशेब आधी करा. प्रत्येक खेपेला दहा मिनिटं धरली तर 40 मुलांच्या 80 खेपा म्हणजे 800 मिनिटं, तेरा तासांहून जास्त. शाळेत दिवसाला खरे दोनच तास हाती लागतात, म्हणजे सात दिवस. ध्वनिमुद्रण उतरवून काढायला आणखी वीस-एक तास. हा वेळ न धरल्यामुळे अर्धवट राहिलेल्या पाहण्यांचे गठ्ठे बऱ्याच कपाटांत आहेत.

मोजायचं काय? सहा चित्रांतल्या किती घटना आल्या. ‘म्हणून’, ‘पण’, ‘कारण’, ‘तेव्हा’ असे जोडणारे शब्द किती आले. पात्राला काय वाटलं ते सांगितलं का. लिंगाच्या चुका मोजू नका. हिंदीत दोनच लिंगं आहेत, नपुंसकलिंग नाही, त्यामुळे ‘माझा पुस्तक’ होणारच. ‘ळ’चा ‘ल’ होणं, ‘चमचा’तला च ‘चहा’तल्या चसारखा म्हणणं, हेही सोडून द्या. या चुका कानाला लगेच टोचतात, म्हणून शिक्षक त्यांच्यावरून मुलाची परीक्षा करतात. पण मूल किती कळून सांगतं याच्याशी त्यांचा फार संबंध नसतो.

निकाल वाचायचा तो असा. दोन्ही भाषांत गोष्ट भरभरून सांगणाऱ्या मुलाची काळजी नको. घरभाषेत सहाही घटना आणि मराठीत दोन, तर मुलाला गोष्ट सांगता येते, मराठी कमी पडते. दोन्हीकडे दोनच घटना आल्या तर घाई करू नका. बुजलं असेल, भूक लागली असेल, ताई ओळखीची नसेल. पुन्हा एकदा घ्या, आणि तरीही तसंच राहिलं तर ऐकू नीट येतं का हे तपासून मग पुढचा विचार करा.

हीच जागा सर्वांत धोक्याची. परक्या भाषेत चाचणी घेऊन मुलाला मंदबुद्धी ठरवण्याची चूक फार जुनी आहे. कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना इंग्रजीतल्या बुद्धिमापन चाचणीवरून मतिमंदांच्या वर्गात घातलं होतं. पालक न्यायालयात गेले, मुलांची चाचणी स्पॅनिशमध्ये पुन्हा झाली तेव्हा बहुतेक मुलं मतिमंदत्वाच्या रेषेच्या वर निघाली, आणि 1970 मध्ये राज्याने तडजोडीत मुलाच्या भाषेत चाचणी घेण्याचं मान्य केलं. घरभाषेतली गोष्ट ऐकल्याशिवाय कोणाच्याही नावापुढे ‘अध्ययन अक्षम’ लिहू नये, ते यामुळे.

गणित: जोडीची उदाहरणं

आठ जोड्या करा. प्रत्येक जोडीत एक नुसती आकडेमोड आणि तीच क्रिया शब्दांत. उदाहरणार्थ, 45 − 18. आणि ‘रमाकडे 52 पेरू होते. त्यांपैकी 27 तिने विकले. किती उरले?’ जोडीतले आकडे तेच नकोत, तितकेच अवघड हवेत: तिकडे हातचा असेल तर इकडेही. दोन्ही प्रकार वेगवेगळ्या दिवशी द्या. त्यानंतर शब्दांतलं जे उदाहरण चुकलं तेच ताईकडून घरभाषेत वाचून दाखवा.

समजा एका मुलीची आकडेमोड आठपैकी सात बरोबर, शब्दांतली तीन, आणि घरभाषेत ऐकल्यावर ती सहा झाली. तिचं गणित चांगलं आहे; ती ‘पैकी’, ‘उरले’, ‘प्रत्येकी’ या शब्दांवर अडली. दुसऱ्याची आकडेमोडच दोन आली, तर भाषेकडे बोट दाखवू नका, वजाबाकी शिकवा. भाषेचा अभ्यास करणाऱ्यांना सगळीकडे भाषाच दिसते, हा या पद्धतीतला दुसऱ्या बाजूचा धोका. ‘हे त्यापेक्षा 5 ने कमी आहे, तर ते किती?’ असली उलटी वाक्यं टाळा, ती मराठी मुलांनाही घोळात पाडतात.

आकडे ऐकून लिहायलाही लावा, वीस संख्या. ‘पंचवीस’ ऐकून 52 लिहिणारी मुलं भेटतील. मराठीत आणि हिंदीत एकक आधी बोलतात, तेलुगू-तमिळ-कन्नडमध्ये दशक आधी. घरी ‘वीस पाच’ या क्रमाने मोजणाऱ्या मुलाला कानावर पडलेला क्रम कागदावर उलटा करावा लागतो. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. टिंगल करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी अशा मुलांच्या वहीत डोकावलं असेल.

सारखे दिसणारे पण अर्थ वेगळे असलेले शब्दही टिपून ठेवा. हिंदी घरातल्या मुलाला ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, ‘संसार’ म्हणजे जग, ‘खाली’ म्हणजे रिकामं. ‘खालील रिकाम्या जागा भरा’ या सूचनेत तर गंमत होते: मूल ‘खाली’चा अर्थ रिकामी असा लावतं आणि चुकीच्या वाटेने बरोबर जागी पोहोचतं. ‘खाली रेघ मारा’ म्हटलं की तीच वाट त्याला चकवते.

वर्गात बसून काय टिपायचं

35 मिनिटांच्या तासाला मागच्या बाकावर बसा आणि दर दोन मिनिटांनी एक नोंद करा: आत्ता कोण बोलतंय, कुठल्या भाषेत, मूल बोलत असेल तर एक शब्द, एक वाक्य की त्याहून जास्त. एका तासाच्या 17 नोंदी होतात. तीन तास बसलात तर 51. एवढ्यावर चित्र स्पष्ट होतं. “समजलं?” “होऽऽऽ!” ही समूहगर्जना वेगळी मोजा. तिच्यात न समजलेलं मूल सुखाने लपतं, आणि बहुतेक वर्गांत नोंदींचा मोठा हिस्सा तीच खाते. सुरुवातीचे दोन तास या तिनांत धरू नका. तुम्ही बसलाय म्हणून बाई वेगळं शिकवतात.

मोजणी आणि गळालेली मुलं

40 मुलांच्या वर्गात टक्केवारी देऊ नका. ‘11 मुलांपैकी 7’ असं लिहा, ‘63.6 टक्के’ लिहिल्याने माहिती वाढत नाही, फक्त रुबाब येतो. गट पाडायचे ते वयावरून नव्हे, मराठी शाळेत किती वर्षं झाली यावरून. पहिलीपासून असलेलं मूल आणि तिसरीत बिहारहून थेट आलेलं मूल एकाच ओळीत मांडलं तर सरासरीला काही अर्थ उरत नाही. शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम 4 नुसार शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही. प्रवेश होतो, प्रशिक्षण झालं का, हे त्या मुलासमोर वेगळं लिहून ठेवा.

तुलना त्याच वस्तीतल्या मराठी घरांतल्या मुलांशी करा. दादरच्या शाळेतल्या मुलांशी केलीत तर तुम्ही भाषा मोजत नाही, घराचं भाडं मोजताय.

मध्येच निघून गेलेल्या मुलांची नावं कोऱ्या रकान्यांसह तक्त्यात ठेवा. ज्यांना जड गेलं तीच आधी जातात. त्यांना काढून टाकलं की वर्षअखेरचे आकडे आपोआप सुधारतात आणि शाळेचं कौतुक होतं. गावी जाणाऱ्या मुलाला शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मिळालं का हे विचारा. दाखला नाही म्हणून दुसऱ्या शाळेने प्रवेश अडवता कामा नये, हे कलम 5 मध्ये आहे; पालकांना ते सांगा.

निकाल कोणाला, कसा

बाईंना मुलांच्या नावांची ‘कच्ची’ यादी देऊ नका; ती फळ्याशेजारी चिकटते. त्याऐवजी वर्गाला अडवणाऱ्या वीस शब्दांची यादी द्या, आणि तीन ठोस बदल सुचवा: शाब्दिक उदाहरण सोडवण्याआधी ते जोडीदाराला हव्या त्या भाषेत समजावून सांगायचं, समूहउत्तराच्या जागी दोन मिनिटं जोडीत बोलणं, आणि नव्या मुलाला पहिले काही महिने घरभाषेत लिहायची मोकळीक, लिपी येत असेल तर. हिंदी घरातल्या मुलाला देवनागरी आयती मिळते, तेलुगू घरातल्याला नाही. त्याला चित्रं काढून तोंडी सांगू द्या.

पालकांना एक गोष्ट नीट सांगायची: घरी मोडकं मराठी बोलू नका, तुमच्याच भाषेत भरपूर बोला, गोष्टी सांगा. पालकसभेत बऱ्याचदा नेमका उलटा सल्ला दिला जातो आणि आई मुलाशी जेवढ्यास तेवढं बोलू लागते. महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते. जवळ तेलुगू, कन्नड किंवा तमिळ शाळा सुरू असेल तर तीही सांगा, निर्णय त्यांचा. संविधानाच्या 350-अ कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला राज्यांना सांगितलं आहे. भोजपुरी किंवा गोरमाटी मुलाला मात्र त्या आठांतही आपली शाळा सापडत नाही.

ध्वनिमुद्रणं उतरवून झाली की पुसून टाका. तक्त्यात नावांऐवजी क्रमांक, आणि नाव-क्रमांकाची वही शाळेच्या कपाटात. पहिली फेरी जून-जुलैत घेऊ नका. प्रवेश सुरूच असतात आणि एका जोरदार पावसात निम्मा वर्ग गैरहजर असतो. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू करा, गणपतीच्या सुट्टीच्या तारखा पाहून. तीच चित्रकथा आणि तशीच गणितं घेऊन दुसरी फेरी होळीच्या किमान पंधरा दिवस आधी संपवा, कारण होळीला गावी गेलेली मुलं परत कधी येतील ते हजेरीपट सांगत नाही.